पतीचे ग्रीन कार्ड, माझा अर्ज आणि बडोद्यातली प्रतीक्षा

प्रश्न : सुरसागरकाठ, बडोदे

सर्वांना नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारात सासरी राहते आणि एका खाजगी शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. माझे माहेर इंदूरचे. येत्या वैशाखात आमच्या लग्नाला तीन वर्षे पूर्ण होतील, आणि या काळात मी व माझे यजमान सगळे मिळून एकशे चार दिवस एका घरात राहिलो आहोत.

यजमान न्यू जर्सीत संगणक क्षेत्रात नोकरी करतात. त्यांचे ग्रीन कार्ड बरीच वर्षे रखडले होते. आमचा साखरपुडा झाला तेव्हा दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी असे ठरवले की, आधी कार्ड हातात येऊ द्यावे आणि मग निश्चिंत मनाने लग्न करावे. माघात कार्ड आले, वैशाखात लग्न झाले. विवाहनोंदणीचा दाखला मिळताच यजमानांनी माझ्यासाठी आय-१३० ची, म्हणजे नातलगाला तिकडे नेण्यासाठीची, याचिका दाखल केली, ती पंधरा महिन्यांनी मंजूर झाली आणि आता फाईल अमेरिकेच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्रात आमच्या प्रायोरिटी डेटची, म्हणजे याचिका दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत रांग येण्याची, वाट पाहत पडून आहे. याचिका दाखल झाल्याला अठ्ठावीस महिने झाले.

दर महिन्याला अमेरिकेचे परराष्ट्र खाते व्हिसा बुलेटिन काढते. त्यात आमच्या एफ-२-ए वर्गाची, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांच्या रांगेची, जी तारीख येते, ती मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवते. काही महिने ती थोडी पुढे सरकते, काही महिने अजिबात सरकत नाही. गेल्या वर्षीचे कॅलेंडर उतरवताना सासूबाईंनी ते रद्दीत न टाकता घडी घालून माझ्या हातात दिले, कारण त्या तारखा कशाच्या आहेत हे त्यांनी मला न विचारताच ओळखले होते.

परवाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सात बायकांनी मला विचारले की, "अगं, तू अजून इथेच?" कोणाचाही हेतू वाईट नव्हता हे मी जाणते, तरीही घरी येऊन वाण डब्यात ठेवताना मला रडू आले.

माझे प्रश्न असे आहेत. ही वाट कमी करण्याचा काही सरळ, कायदेशीर मार्ग आहे का? मधल्या काळात मला पर्यटक व्हिसावर दोन-तीन महिने जाऊन येता येईल का? शाळेने मला पुढच्या वर्षापासून विभागप्रमुखपद देऊ केले आहे आणि मला एम.एड. सुद्धा करायचे आहे, पण मध्येच नंबर लागला तर दोन्ही अर्धवट सोडावे लागेल या विचाराने मी कशालाच हो म्हणत नाही. मूल होऊ द्यावे की थांबावे, हाही प्रश्न आहे, आणि तो घरात कोणाशी मोकळेपणाने बोलता येत नाही. ज्यांनी हा काळ काढला आहे त्यांनी तो कसा काढला, हे कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर : निवृत्त अभियंता, कारेलीबाग

ताई, माझ्या मुलीची फाईलही याच वर्गातली होती आणि तिचे सर्व कागद मी स्वतः जमवले होते, म्हणून लिहितो. मी वकील नाही. जे माहीत आहे तेवढेच सांगतो.

प्रथम हे समजून घ्यावे की, तुमच्या फाईलला होणारा उशीर दोन प्रकारचा आहे. एक रांगेचा आणि दुसरा कागदांचा. अमेरिकी नागरिकाच्या पत्नीला किंवा पतीला व्हिसांच्या संख्येची मर्यादा लागू होत नाही, परंतु ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला ती लागू होते. एफ-२-ए वर्गात ग्रीन कार्डधारकांचे पती, पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले येतात, आणि साऱ्या जगासाठी या वर्गात वर्षाला साधारण ८७,९०० व्हिसा असतात. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत हा वर्ग खुला होता, म्हणजे तारखेसाठी कोणालाच थांबावे लागत नव्हते. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये अचानक ८ सप्टेंबर २०२० ही तारीख लागली आणि ज्या घरांनी बॅगा भरायला घेतल्या होत्या ती पुन्हा रांगेत गेली. आमचे घर त्यांपैकीच एक. त्यामुळे तुमच्या फाईलवर कोणी कारकून बसून राहिला आहे, अशी समजूत करून घेऊ नये. तुमच्या पुढे उभी असलेली माणसे सरकल्याशिवाय ती सरकणार नाही, आणि ही रांग पुढे ढकलण्यासाठी कोणताही तातडीचा अर्ज, खासदाराचे पत्र किंवा न्यायालयातला दावा उपयोगी पडत नाही. ते उपाय याचिका कार्यालयात नेहमीपेक्षा जास्त काळ अडकली असेल तर वापरायचे असतात. तुमची याचिका मंजूर झालेली आहे.

रांग खरोखर कमी करणारा एकच मार्ग मला ठाऊक आहे, तो म्हणजे तुमच्या यजमानांचे नागरिकत्व. ग्रीन कार्डाला पाच वर्षे होण्याच्या नव्वद दिवस आधी त्यांना अर्ज करता येतो, म्हणजे तुमच्या हिशोबाने अजून पावणेदोन वर्षे. नागरिकत्वाची शपथ झाली की तुमची हीच याचिका नागरिकाच्या पत्नीची याचिका ठरते आणि तारखेचा प्रश्नच उरत नाही. नवी याचिका करावी लागत नाही, फक्त नागरिकत्वाचे प्रमाणपत्र व्हिसा केंद्राकडे लगेच पाठवावे लागते. त्याआधी बुलेटिनची तारीख आली तर उत्तमच.

पर्यटक व्हिसाबद्दल स्पष्ट लिहितो. अर्ज करायला कायद्याची मनाई नाही, परंतु त्या अर्जात "तुमच्या नावाने कोणी स्थलांतराची याचिका केली आहे का" असा थेट प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर 'होय' असेच द्यावे लागते. ते दिल्यावर तुम्ही परत येणार आहात हे अधिकाऱ्याला पटवणे फार कठीण होते आणि बहुधा नकार येतो. नकाराने मोठे नुकसान नाही. पण कोणाचे ऐकून तिथे 'नाही' लिहिलेत, तर ती खोटी माहिती ठरते आणि तिच्यामुळे कायमची बंदी येऊ शकते. असा सल्ला देणारे लोक आपल्या शहरात आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता एक गोष्ट जड मनाने लिहितो. तुमच्यासाठी ती वेळ निघून गेली आहे, परंतु हा धागा वाचणाऱ्या इतर घरांना ती कळली पाहिजे. "आधी ग्रीन कार्ड, मग लग्न" हा आपल्याकडे शहाणपणाचा निर्णय समजला जातो आणि कायद्याच्या दृष्टीने तो नेमका उलटा आहे. मुलगा एच-१-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना लग्न झाले, तर पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर लगेच जाऊ शकते. आणि नोकरीच्या मार्गाने त्याचे कार्ड येण्यापूर्वी लग्न झालेले असेल, तर पत्नीला त्याच्याच प्रायोरिटी डेटचा लाभ मिळतो, ती मागाहूनही जाऊ शकते आणि तिच्यासाठी वेगळी आय-१३० लागत नाही. कार्ड हाती आल्यावर लग्न केले की हे दोन्ही दरवाजे बंद होतात. तुमच्या बाबतीत माघ आणि वैशाख यांच्या मधल्या तीन महिन्यांनी एवढा फरक केला. वडीलधाऱ्यांना दोष देऊ नका, आम्हीही तेच केले होते आणि त्या वेळी आम्हाला हे सांगणारे कोणी भेटले नाही. ज्यांच्या घरी साखरपुडा झालेला आहे आणि मुलाचा नंबर जवळ आला आहे, त्यांनी मुहूर्त काढण्यापूर्वी वकिलाशी जरूर बोलावे.

कागदांचा उशीर मात्र आपल्या हातात असतो. माझ्या मुलीचा जन्म तिच्या आजोळी, ग्वाल्हेरला झाला. पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्माची नोंद करायला माझे सासरे गेले आणि त्यांनी आईच्या नावाच्या जागी आपल्या लेकीचे जे नाव त्यांच्या तोंडी होते, तेच लिहून दिले. आमच्याकडे लग्नात सुनेचे नाव बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीने मी लिहिलेले नाव हेच पुढे माझ्या पत्नीच्या शिधापत्रिकेवर, पासपोर्टवर आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर आले. तीस वर्षे ही विसंगती कोणाच्या लक्षात आली नाही. नंबर लागल्यावर व्हिसा केंद्राने विचारले की, जन्मदाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची आई या दोन वेगळ्या स्त्रिया आहेत का? मी ग्वाल्हेरला गेलो. कारकुनाने जुने रजिस्टर काढले आणि बोट फिरवत त्या ओळीवर थांबला. सासऱ्यांची सही मी ओळखली. ते जाऊन तोपर्यंत अकरा वर्षे झाली होती. शपथपत्रे, आमचा विवाहाचा दाखला आणि शाळेचा दाखला जोडून ते सर्व सुरळीत होईपर्यंत पाच महिने गेले, आणि हे पाच महिने निव्वळ आमच्या गाफीलपणाचे होते.

म्हणून आजच सर्व कागद एका टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचे प्रत्येक नाव एकमेकांशी ताडून पाहा. बडोद्यातल्या मराठी घरांत तर एकच आडनाव गुजराती दाखल्यावर एका तऱ्हेने आणि इंग्रजी दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. गुजराती किंवा हिंदी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून त्यावर भाषांतरकाराची सही आणि भाषांतर अचूक असल्याचे निवेदन घ्यावे. पोलिसांचा दाखला मात्र फार आधी काढू नये, कारण त्याला मुदत असते. वैद्यकीय तपासणी तर मुलाखतीची तारीख मिळाल्यावरच, दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. यजमानांना आधारपत्रासाठी, म्हणजे तुमचा खर्च उचलण्याच्या लेखी हमीसाठी, तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागेल. त्यांची नोकरी पाहता ती अडचण नसावी, तरी दरवर्षीचे करविवरण त्यांनी वेळच्या वेळी भरून जपून ठेवावे. व्हिसा केंद्राची पत्रे ज्या ईमेलवर येतात, तो नियमित पाहावा. व्हिसा उपलब्ध झाल्याची सूचना आल्यावर वर्षभरात काहीच हालचाल केली नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते.


उत्तर : रावपुऱ्याची लेक, सध्या एडिसन

काकांनी कायद्याचे सर्व काही लिहिले आहे, त्यामुळे मी फक्त जगण्याबद्दल लिहिते. मी तीन वर्षे दोन महिने वाट पाहिली, त्यातली पहिली दोन वर्षे मी फार वाईट तऱ्हेने काढली आणि उरलेली बरी.

पहिली दोन वर्षे माझे कपडे बॅगेतच होते. हे अक्षरशः खरे आहे. सासूबाई दोनदा म्हणाल्या की, तुझ्यासाठी एक लोखंडी कपाट घेऊ, आणि मी दोन्ही वेळा नको म्हटले, कारण कपाट आले म्हणजे मी इथेच राहणार हे ठरले, असे मला वाटत असे. रोज सकाळी पलंगाखालून बॅग ओढायची, साडी काढायची आणि बॅग परत आत ढकलायची. फरशीवर तिच्या चाकांचे दोन ओरखडे उमटले होते. एके दिवशी सासरे त्या ओरखड्यांवर ओला फडका फिरवत बसलेले मी पाहिले. ते काही बोलले नाहीत. मात्र मला त्या दिवशी कळले की या घरात मी एकटीच वाट पाहत नाही. त्या दोघांचाही मुलगा दूर आहे आणि त्याच्या जागी मी आहे, तीही जायला निघालेली. त्याच आठवड्यात आम्ही मांडवीला जाऊन कपाट आणले.

तुम्ही विभागप्रमुखपद घ्या. शाळेला सुरुवातीलाच सांगून ठेवा की, नंबर लागला तर मुलाखतीपर्यंत काही महिने हातात असतील आणि तेवढ्या अवधीत तुम्ही काम दुसऱ्याला नीट सोपवाल. तारीख आली म्हणजे दुसऱ्या दिवशी विमान, असे होत नाही. शुल्क, अर्ज, कागदांची छाननी, मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातली मुलाखत, हे सर्व टप्पे बाकी असतात आणि व्हिसा मिळाल्यावरही जायला काही महिन्यांची मुदत असते. एम.एड. सुद्धा सुरू करा. इथे शाळेत शिकवायचे तर आपल्या पदव्यांचे मूल्यांकन करून घ्यावे लागते आणि त्यासाठी विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात गुणपत्रके लागतात. मी ती बडोद्यात असताना काढली नाहीत. नंतर माझ्या भावाने परीक्षा विभागाच्या खिडकीवर चार खेपा घातल्या. तुम्ही बी.एड. पर्यंतची तरी आत्ताच काढून ठेवा.

मुलाचा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरे केले, कारण तो कोणी विचारत नाही. कायद्यापुरते बोलायचे तर मूल हे थांबण्याचे कारण नाही. यजमान ग्रीन कार्डधारक असेपर्यंत जन्मलेले मूल तुमच्याच याचिकेत तुमच्याबरोबर येते. मात्र त्यानंतर यजमान नागरिक झाले आणि तुमचा वर्ग बदलला, तर मूल आपोआप बरोबर येत नाही. त्याच्यासाठी वेगळी आय-१३० करावी लागते, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक शेवटच्या क्षणी अडतात. मूल यजमान नागरिक झाल्यानंतर जन्मले आणि त्याआधी त्यांचे अमेरिकेत एकूण पाच वर्षे वास्तव्य झालेले असेल, तर ते जन्मतःच अमेरिकी नागरिक ठरते आणि दूतावासात त्याची नोंद करता येते. राहिला प्रश्न मनाचा. आमचा मुलगा माझ्या प्रतीक्षेच्या तिसऱ्या वर्षी झाला. बारशाला त्याचे वडील पडद्यावर होते. ते दुःख मी लपवणार नाही, पण आम्ही थांबलो असतो तर ते मला अधिक जड गेले असते. तुमचे वय, तुमची प्रकृती आणि तुमचे दोघांचे मन पाहून तुम्ही ठरवा, बुलेटिनकडे पाहून ठरवू नका.

सासूबाईंशी बोलून महिन्यातला एक आठवडा माहेरचा ठरवून घेता आला तर पाहा. इंदूर एका रात्रीच्या अंतरावर आहे. "कंटाळा आला की जाईन" असे ठेवले, तर प्रत्येक जाण्याला रुसव्याचा रंग येतो. ठरलेले असले की येत नाही.

आणि एक छोटी गोष्ट. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी जे जातात, त्यांना दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते आणि नंतर अटी काढण्यासाठी पुन्हा सर्व पुरावे द्यावे लागतात. तुमची ती वेळ टळली आहे, तुम्हाला सरळ दहा वर्षांचे कार्ड मिळेल.


उत्तर : अटलादऱ्याचा, सध्या डॅलस

वहिनी, मी तुमच्या यजमानांच्या बाजूने लिहितो, कारण या चर्चांमध्ये आम्ही सहसा गप्प असतो. माझी पत्नी गेली अडीच वर्षे बडोद्यात आहे.

त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. विरहाला कंटाळून, बडोद्यातून काम करण्याची परवानगी घेऊन, सलग सात-आठ महिने तिकडे येऊन राहण्याचा मोह त्यांना होईल. मला झाला होता. सहा महिन्यांपेक्षा लांब प्रवास झाला, तर नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य खंडित झाले असे धरले जाते आणि ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. शिवाय पाच वर्षांपैकी किमान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावे लागते. म्हणजे तुमच्याजवळ जास्त राहण्याच्या प्रयत्नात ते तुमचीच वाट लांबवून बसतील. वर्षातून दोनदा, पाच-सहा आठवड्यांसाठी यावे. विमानाच्या तिकिटांच्या आणि बोर्डिंग पासच्या प्रती जपाव्यात, कारण मुलाखतीत नाते खरे असल्याचा तोच सर्वांत सरळ पुरावा असतो.

फोनबद्दल सांगायचे तर आम्ही रोज बोलायचो आणि रोज फाईलवरच बोलायचो. आता फाईलचा विषय महिन्यातून एकदा, बुलेटिन निघेल त्या दिवशी. एरवी ती मला वर्गातल्या मुलांबद्दल सांगते, मी तिला स्वयंपाकात काय बिघडले ते सांगतो. हे ठरवायला आम्हाला दीड वर्ष लागले. वाद मात्र फोनवर मिटवण्याचा प्रयत्न करू नका. नोव्हेंबरात इकडची घड्याळे एक तास मागे जातात, त्या आठवड्यात आमची दरवर्षी चुकामूक व्हायची आणि तेवढ्यावरूनही भांडण झाले आहे.


सुरसागरकाठ, बडोदे

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काकांचे उत्तर वाचून मी काल रात्री कागद काढून बसले. माझ्याही जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव आहे. मी आईला इंदूरला फोन केला, तर ती म्हणाली की आजोबाच गेले होते नोंद करायला. तिला त्यात काही वावगे वाटले नाही. वाटणार तरी कसे, ते तिचे खरे नावच होते.

आणखी एक विचारायचे आहे. नात्यातल्या एकांनी एका एजंटाचा नंबर दिला आहे. त्या गृहस्थांचे म्हणणे असे की, व्हिसा केंद्रात त्यांची ओळख आहे आणि दीड लाख रुपयांत ते फाईल पुढे आणून देतील. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहून पैसे काढण्याची तयारी दाखवली आहे. त्यांना काय सांगावे?


उत्तर : निवृत्त अभियंता, कारेलीबाग

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की एकही रुपया देऊ नये. एफ-२-ए ची तारीख साऱ्या जगासाठी एकदम जाहीर होते. ती एका फाईलसाठी पुढे आणता येईल अशी व्यवस्थाच नाही, मग ओळख कोणाचीही असो. असे एजंट काय करतात ते मी पाहिले आहे. ते पैसे घेऊन थांबतात, तारीख आपोआप पुढे सरकली की श्रेय घेतात आणि नाही सरकली तर आणखी मागतात. त्याहून वाईट म्हणजे, ते आपल्या खात्याचा पासवर्ड मागतात आणि पुढची पत्रे त्यांच्याच ईमेलवर वळवतात. आमच्या सोसायटीतल्या एका घराची मुलाखतीची सूचना अशीच दोन महिने त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

एवढे पैसे खर्च करायचेच असतील, तर त्यातला थोडा भाग तिकडच्या परवानाधारक वकिलाच्या एका तासाच्या सल्ल्यावर घालावा आणि उरलेल्यात यजमानांचे एक जास्तीचे तिकीट काढावे.

जन्मदाखल्याचे असे करा. प्रथम जिथे जन्माची नोंद आहे त्या कार्यालयात जाऊन दुरुस्ती होईल का ते विचारा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद आहे, परंतु तुमच्या आईचे ते नाव त्या काळी खरेच होते, त्यामुळे ती चूक मानायला कार्यालय कदाचित तयार होणार नाही. आमच्याकडेही तसेच झाले. मग दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे आईचे शपथपत्र, आणखी एका वडीलधाऱ्या नातलगाचे शपथपत्र आणि ज्यावर दोन्ही नावे असतील असा एखादा जुना कागद, एवढे जमवा. आमच्याकडे तो जुना कागद म्हणजे पत्नीची लग्नपत्रिका होती. तिच्या माहेरच्यांनी ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेली होती. लग्नपत्रिका हा काही सरकारी पुरावा नव्हे, पण शपथपत्राला तिने बळ दिले. आईंना शोधायला सांगा.


उत्तर : रावपुऱ्याची लेक, सध्या एडिसन

काकांशी पूर्ण सहमत. हळदीकुंकवाबद्दल मागच्या वेळी लिहायचे राहून गेले. मी एक वर्ष जाणेच बंद केले होते आणि त्याचा मला अधिक त्रास झाला, कारण मग लोक सासूबाईंना विचारू लागले. नंतर मी एकच वाक्य ठरवून ठेवले : "नंबर लागायचा आहे, लागला की तुम्हाला पेढे मिळतील." हसून म्हणायचे आणि विषय शाळेकडे वळवायचा. पाचव्या-सहाव्या वेळी ते वाक्य म्हणताना घसा दाटून येणे थांबले.


सुरसागरकाठ, बडोदे

आईला पत्रिका सापडली नाही, परंतु माझ्या आजीच्या पेटीत आईच्या बी.ए. च्या पदवीपत्रासोबत तिने स्वतः लिहिलेला एक अर्ज निघाला. लग्नानंतर विद्यापीठाला नाव बदलाबद्दल कळवण्यासाठी तो लिहिलेला होता आणि त्यावर दोन्ही नावे आहेत. मावशी शपथपत्र द्यायला तयार आहे. पुढच्या शनिवारी मी इंदूरला जात आहे आणि आठवडाभर राहणार आहे. सासूबाईंनीच हे सुचवले. मी त्यांना हा धागा वाचून दाखवला होता, बॅगेच्या चाकांचा भाग सोडून. तो त्यांनी नंतर स्वतः वाचला.

एजंटाला सासऱ्यांनी नकार कळवला आहे. शाळेला मी विभागप्रमुखपदासाठी होकार दिला आणि नंबर लागण्याची शक्यताही लेखी कळवली. मुख्याध्यापिका म्हणाल्या की, त्यांना दोन महिन्यांची सूचना पुरेल. एम.एड. चे मात्र अजून ठरत नाही, फीचा हिशोब बसवायचा आहे.

यजमान या उन्हाळ्यात सात महिन्यांसाठी यायचे म्हणत होते. त्यांच्या कार्यालयाने परवानगीही दिली होती आणि आम्ही दोघे त्याच आशेवर होतो. आज सकाळी सात वाजता, म्हणजे त्यांच्या रात्रीच्या साडेआठला, मी त्यांना डॅलसच्या भाऊंचे उत्तर वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की, वैशाखात सहा आठवडे येतो आणि दिवाळीला पुन्हा सहा आठवडे. तिकिटे या रविवारी काढणार आहेत.

व्हिसा केंद्राच्या ईमेलबद्दल एक शंका उरली आहे. तो पत्ता सध्या यजमानांचा एकट्याचा आहे. माझाही पत्ता त्यात घालून घेता येतो का, आणि त्यासाठी त्यांनी विनंती करायची की मी, हे कोणाला नक्की माहीत असल्यास कृपया कळवावे.